खंडोबाचा किडा कुठे गेला

२ सप्टेंबर १९९८, बुधवार. लातूर.

आजपासून फुले व कीटक. पासपोर्ट फोटो कापत बसणे हे माझे ध्येय नव्हे.

कारण असे. माझ्या खोलीसमोरच्या हणमंतराव सरांच्या बायॉलॉजी क्लासचे पुढच्या वर्षीचे कॅलेंडर निघणार आहे. प्रत्येक महिन्याला एक फूल, फुलावर एक कीटक, अगदी जवळून. काम आमच्या स्टुडिओला मिळाले. मालक जिलानीचाचा म्हणाले, फोटो मीही काढावेत, मुनीबनेही काढावेत. ज्याचे चांगले येतील तो नांदेडच्या नव्या दुकानात कॅमेऱ्यावर बसेल. दुसरा इथेच, कात्रीवर. निकाल दसऱ्याला.

मुनीब हा चाचांचा भाचा. स्पर्धा सरळ होईल असे चाचा पुन्हा पुन्हा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर विश्वास ठेवला असता.

रात्री अप्पांचा उदगीरहून फोन. म्हणाले, "दसऱ्यापर्यंत काय व्हायचं ते हो. न्हाई तर अडतीवर ये, पोती मोजायला माणूस पाहिजेच हाय." मी शांतपणे सांगितले की मी नांदेडला शाखाप्रमुख होत आहे. बारावीचे माझे दोन्ही निकाल संशयास्पद होते, हे अप्पांना अजून पटलेले नाही. लहानपणी ते डावा कान पिळायचे. फोनवर अजूनही तोच कान दुखतो.

३ सप्टेंबर

बागेची पाहणी केली. बाग म्हणजे घरमालकीण कस्तुराकाकूंचे अंगण. जास्वंद, झेंडू, तगर, कण्हेर, कढीपत्ता, एक लिंबू. घराच्या सगळ्या खोल्या काकूंनी क्लासच्या पोरांना आणि मला भाड्याने दिल्या आहेत. स्वतः अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात. भूकंपाला आता पाच वर्षे होतील, पण स्लॅबखाली पाठ टेकत नाहीत.

त्यांच्या खाटेशेजारी स्टूल आहे. स्टुलावर तांब्या, तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीत चमचे. जमीन हलली की माणसाआधी चमच्यांना कळते. आमच्या गल्लीत बऱ्याच घरी अशी उतरंड आहे. व्यवस्था वाईट नाही, पण नेमकी जास्वंदीमागे येते. बॅकग्राउंड खराब.

स्टूल जरा सरकवता का, असे विचारले. काकू म्हणाल्या, "तू तुझं फूल सरकव."

५ सप्टेंबर

तंत्र सापडले. रद्दीत एक इंग्रजी मासिक मिळाले. कॅमेऱ्याची लेन्स काढून उलटी लावली की तीच भिंगाचे काम करते. मुंगी शेळीएवढी दिसते. लेखाची पुढची दोन पाने मात्र नाहीत. कोणी फाडली? रद्दीवाला म्हणाला, "चिवड्याला गेली असतील." मुनीबला चिवडा आवडतो.

लेन्स उलटी करून चिकटपट्टीने बसवली. दुकानात कोणी नसताना.

८ सप्टेंबर

सराव चालू. रोल न भरता, म्हणजे नासाडी नको. आज जास्वंदीवर एक भुंगा, झेंडूवर एक फुलपाखरू. दोन्ही उत्तम आले असते.

११ सप्टेंबर

अडचणी. उलट्या लेन्समधून एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढेच स्पष्ट दिसते. किड्याचा डोळा धरला की मिशी जाते, मिशी धरली की किडा जातो. श्वास घेतला की सगळेच जाते. म्हणून श्वास न घेता पोटावर झोपून पुढेमागे सरकायचे, असे ठरवले.

काकू म्हणाल्या, "शिवशंकर, माती खाऊन राहिलास का रे?" पोरे हसली. या पोरांना आपण बारावीला एकदाच बसणार असे वाटते. मलाही वाटायचे.

१४ सप्टेंबर

हणमंतराव सर दुकानात आले. त्यांना कॅलेंडरमध्ये खंडोबाचा किडा हवाच आहे. हिरवा, काडीसारखा, पुढचे दोन पाय जोडून हात जोडल्यासारखा उभा राहतो तो. म्हणाले, "पालकांवर छाप पडते. कीटकसुद्धा नम्र पाहिजे आमच्या क्लासचा." ऑगस्टच्या पानावर घेणार.

सरांच्या फाटकावर मोठा बोर्ड आहे: "भूकंप आल्यास धावू नये. शांतपणे, रांगेत बाहेर पडावे." अक्षर सुंदर, शुद्धलेखन निर्दोष. अशा माणसाच्या हाताखाली असतो तर माझा निकाल वेगळा लागला असता. फी परवडली नाही. असो.

संकल्प: खंडोबाचा किडा मुनीबच्या आधी.

१५ सप्टेंबर

किडा दिसला नाही. लिंबावर असतो, असे काकू म्हणतात. कालपर्यंत होता, असेही म्हणतात. आज मुनीब भिंतीपलीकडून जाताना शीळ घालत होता.

१९ सप्टेंबर

किडा नाही. मुनीबला सहज विचारले, किती फोटो झाले? म्हणाला, "होऊन राहिलेत हळूहळू. तुझे?" मीही म्हणालो, हळूहळू. तो म्हणाला, "यार शिवा, सकाळी जल्दी ऊठ. थंडीत कीडे सुस्त असतात, पंख ओले असतात, उडत न्हाईत."

प्रतिस्पर्ध्याने फुकट दिलेला सल्ला. उद्यापासून उशिरा उठणार.

२० सप्टेंबर

उशिरा उठलो. एकही कीटक जागेवर थांबत नाही. उद्यापासून लवकर, पण त्याच्या सांगण्यावरून नव्हे.

रात्री रोल भरला. चाचा म्हणाले, "ला बेटा, मी भरून देतो." मुनीब म्हणाला, "मी देतो." दोघे एकदमच म्हणाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मी खोलीत जाऊन, दार लावून, गोधडीत शिरून भरला. आजवर भरला नव्हता, पण त्यात काही अवघड नाही. पट्टीचे टोक आत कुठेतरी बसले. झाकण लागले, म्हणजे बरोबर.

२१ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

पहिला खरा फोटो! तगर व काळी मुंगी. खटका मऊ दाबला गेला. आकडा एकने पुढे.

दुकानात मुनीब म्हणाला, "रोलची दांडी ओढताना डावीकडची किल्ली फिरती का बघत जा." म्हणजे मी डावीकडे बघत बसावे आणि उजवीकडचा किडा उडून जावा. हसून "बरं" म्हणालो. बघणार नाही.

२३ सप्टेंबर

गंभीर प्रकार. कालपर्यंत ज्या जास्वंदीवर भुंगा बसायचा ती गायब. झेंडूची दोन फुलेही. देठ नखाने खुडलेले. मुनीबची नखे वाढलेली आहेत.

उपाय: माझ्या प्रत्येक फुलाच्या देठाला पांढरा दोरा व कागदाचा आकडा बांधला.

२४ सप्टेंबर

जास्वंद क्र. ४ आणि झेंडू क्र. ७ व ९ गायब. दुकानात मुनीबचे खिसे नजरेने तपासले. बिस्किटाचा पुडा निघाला.

संध्याकाळी काकूंकडे आरतीला गेलो. घटावर चौथी माळ. माळेत जास्वंद क्र. ४, दोऱ्यासकट. काकू म्हणाल्या, "बरं झालं दोरे बांधलेस. ओवायला सोपं गेलं."

यात मुनीबचा हात नाही, असे वरवर तरी दिसते.

२५ सप्टेंबर

काकूंशी बोलणी. नवरात्र संपेपर्यंत जास्वंद तोडू नये, अशी विनंती केली. शाखाप्रमुखपदाचे महत्त्व समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "देवीला सांगू का, की थांब बाई, शिवशंकरला भुंगा पाहिजे?" शेवटी तडजोड झाली: त्या तोडण्याआधी मी काढायचे. त्या पहाटे तोडतात.

२७ सप्टेंबर, रविवार

पहाटे लिंबाखाली आडवा पडून खंडोबाचा किडा शोधला. पान अन् पान पाहिले. डाव्या कानाला बराच वेळ काहीतरी खाजत होते, पण लक्ष दिले नाही. एकाग्रता वाढत चालली आहे.

उजाडल्यावर मुनीब भिंतीवर. गळ्यात कॅमेरा, त्याला चाचांची लांब लेन्स! (ती मला का दिली नाही?) हळूच म्हणाला, "शिवा, हल मत. असाच रहा जरा." मी हललो नाही. त्याच्या सांगण्यावरून नव्हे, मलाच हलायचे नव्हते. दोन-तीनदा खटक्याचा आवाज आला. मग "शुक्रिया भाई" म्हणून उतरून गेला.

माझी पद्धत टिपून घेतली. आता कोपर कसे टेकतो तेही त्याला कळले.

२८ सप्टेंबर

आज एका पोराने काकूंच्या देखत बातमी सांगितली की भूकंपाचा तोच दिवस पाच वर्षांनी, म्हणजे परवा, परत येतो, असे कोणीतरी म्हणाले आहे. काकूंनी वाटीत आणखी दोन चमचे टाकले.

त्यांची धाकटी बहीण किल्लारीकडे दिलेली होती. हे मला पोरांकडून कळले. काकू बहिणीविषयी बोलत नाहीत.

आनंदाची बातमी: रोल छत्तीसचा, आकडा छत्तीसवर थांबला, तरी दांडी ओढली जातेच आहे. आणखी पाच फोटो काढले. माझ्या काटकसरीने भरण्यामुळे रोल पुरून उरला. हे मुनीबला सांगायचे नाही.

३० सप्टेंबर, बुधवार. खंडेनवमी. सकाळी.

घडले ते जसेच्या तसे लिहीत आहे, कारण गल्लीत वेगळे सांगितले जात आहे.

पहाटे अंधार फिटता फिटता बागेत गेलो. शेवटची संधी. उद्याच्या दसऱ्यासाठी काकू आज सगळा झेंडू तोडणार होत्या. कॅमेऱ्यावर फ्लॅश लावला होता. झेंडू क्र. १५ वर हिरवे काहीतरी हलले. पाय जोडलेले! श्वास रोखला. पोटावर मागे सरकलो. पाय कशाला तरी लागला.

तो स्टूल होता.

तांब्या फरशीवर पडला की एवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हते. वर चमचे. काकू खाटेवरून उठून थेट गल्लीत, ओरडत, "पोरांनो, भाईर! भाईर या!" आमच्या खोल्यांतली पोरे उघड्या अंगाने बाहेर. शेजारच्या घरची उतरंड कोणीतरी घाईत पाडली, ती ऐकून पलीकडची. समोर सरांच्या क्लासची सकाळची बॅच जमत होती, ती सगळी पोरे रस्त्यावर. त्या सर्वांच्या पुढे हणमंतराव सर. कमरेला टॉवेल, अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण. बोर्डाखालून निघाले ते चौकापर्यंत. सरांच्या सौ. नंतर, सासूबाईंना हाताला धरून, शांतपणे आल्या. त्या एकट्याच रांगेत होत्या.

या गडबडीत माझा फ्लॅश आपोआप उडाला. सर नेमके फाटकात होते. त्यांनी मागे वळून पाहिले आणि आणखी जोरात पळाले.

किडा उडून गेला. नीट पाहिले तर ते पानच असावे.

मी सर्वांना सांगितले की भूकंप नाही, मी आहे. लोक जे बोलले ते लिहिण्यासारखे नाही, व त्यात व्याकरणही नव्हते. फक्त काकू परत येऊन खाली बसल्या आणि चमचे गोळा करू लागल्या. मी पुढे होऊन तांब्यावर पेला ठेवला, पेल्यावर वाटी. त्यांनी ते सगळे उतरवले आणि पुन्हा आपल्या हाताने रचले. मग म्हणाल्या, "लागलं का रे तुला?"

मी नाही म्हणालो. मग उगाचच अंगण झाडून काढले. सगळे.

तोच दिवस, दुपारी.

खंडेनवमी म्हणून दरवर्षीप्रमाणे दुकानातल्या कॅमेऱ्यांना हळदकुंकू वाहिले. चाचा दरवर्षीप्रमाणे म्हणाले, "पूजा खुशाल कर बेटा, काचेला मात्र लावू नको."

आश्चर्य! हणमंतराव सर स्वतः आले, दाढी पूर्ण करून. मला वाटले काम काढून घेणार. उलट मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. "शिवशंकर, तुझा रोल धुऊन आला की आधी मला दाखवायचा. दुसऱ्या कोणाला नाही. चाचांनाही नाही." मुनीबचे त्यांनी नावसुद्धा काढले नाही. चहा पाजला. वर भजी.

निकाल जवळजवळ लागला, असे म्हणायला हरकत नाही. अप्पांना फोन करून नांदेडला खोली बघतोय म्हणून सांगितले. ते म्हणाले, "बघ. पण पोत्यांच्या जागेवर माणूस ठेवला न्हाई आजून."

तोच दिवस, संध्याकाळी.

रोल स्वतः रिवाइंड केला. अगदी हलका गेला, अडकला नाही. कॅमेऱ्याला तेल दिले होते त्याचा परिणाम. लॅबमध्ये स्वतः घेऊन गेलो. अदलाबदल नको म्हणून मशीनसमोर स्टूल टाकून बसलो. सर शेजारी उभे. मुनीबही आला, का ते कळले नाही.

रोल बाहेर आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नारिंगी, स्वच्छ, काचेसारखा. त्यात मुंगी नाही, भुंगा नाही, सर नाहीत.

मी लॅबवाल्याकडे पाहिले. मशीनकडे पाहिले. मुनीबकडे पाहिले. तो खाली पाहत होता. चाचांना बोलावले. त्यांनी पट्टी उजेडात धरली आणि फार हळू आवाजात म्हणाले, "बेटा, रोल चललाच न्हाई. टोक चाकात बसलं नव्हतं. रोल चालला की डावीकडची किल्ली फिरती. फिरत होती का?"

मुनीब म्हणाला, "चाचा, मीच त्याला नीट सांगायला पाहिजे होतं."

या वाक्यात काय डाव आहे, यावर विचार करीत आहे. अजून सापडला नाही.

सर मात्र खूश दिसले. "कला आहे, होतं असं," म्हणाले आणि पेढा भरवला. मोठ्या मनाचा माणूस.

१ ऑक्टोबर. दसरा.

चाचांनी मुनीबचे फोटो मांडले. मी निष्पक्षपणे पाहिले. तगर, मुंगी, कण्हेरीवरची अळी. सगळे स्पष्ट. दोष काढता येईल असे होते. वेळ लागला असता.

मग ऑगस्टचा. खंडोबाचा किडा. पाय जोडलेले, डोक्यावर दवाचा थेंब, डोळ्यांत पूर्ण लिंबाचे झाड दिसते. किडा एका तांबूस, मांसल, वळणदार वस्तूवर उभा आहे. सर म्हणाले, ही कोणती फुलाची जात?

मुनीब म्हणाला, "सर, तो शिवाचा कान हाय."

रविवारची पहाट. खाज.

मुनीब नांदेडला जातो आहे. आपट्याची पाने द्यायला आला. घेतली. पाने मोजून पाहिली नाहीत.

९ जानेवारी १९९९, शनिवार. उदगीर.

अडतीवर तीन महिने झाले. पोत्यांचा हिशेब आता माझ्याकडे आहे, त्यामुळे तुरीच्या बाबतीत कोण काय करते ते हळूहळू लक्षात येऊ लागले आहे.

मुनीबने नांदेडहून येणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर निरोप पाठवला: "एका रविवारी ये. रोल भरायला शिकवतो. पाच मिनिटांचं काम हाय." यात त्याचा काय फायदा? नांदेडच्या गाडीची वेळ विचारून ठेवली आहे. नुसती माहिती म्हणून.

त्याच ट्रकने कॅलेंडर आले. अप्पांनी गल्ल्याच्या वर लावले आणि देगलूरच्या व्यापाऱ्यांना, हमालांना, सगळ्यांना सांगू लागले, "आमच्या शिवानं केलंय. फोटोग्राफर होता लातूरला." मी एवढेच म्हणायचो, हो, त्यात मी आहे. खोटे काहीच नव्हते.

आज दुपारी गिऱ्हाईक नव्हते. अप्पांनी चष्मा लावला, कॅलेंडर उतरवले आणि एकेक पान जवळून पाहिले. ऑगस्टला थांबले. मग म्हणाले, "ह्यो कान तर तुझा हाय. दहावीपर्यंत पिळलाय मी, मला वळखू येत न्हाई का? मग फोटो कुणी काढला?"

मी पोती मोजत होतो. आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग मुनीबचे नाव सांगितले. रोलचेही सांगितले, किल्लीचेही.

मी कॅलेंडर घेतले, जानेवारीचे पान वर केले आणि खिळ्याला लावले.

चहा घेऊन परत आलो तर पुन्हा ऑगस्ट.

अप्पा म्हणाले, "राहू दे तेच. कान तर आपला हाय ना."

अडतीवर आज ऑगस्ट चालू आहे. व्यापारी तारीख विचारतात. मला तोंडपाठ सांगावी लागते.